आकार उसना, आटे स्वतःचे : १९८० ची ग्रेको ईजी-५००

गिटारच्या मधल्या दोन तारा झणझणत होत्या. डी आणि जी. बाकीच्या चार स्वच्छ वाजायच्या, पण या दोघींवर सातव्या फ्रेटच्या, म्हणजे पडद्याच्या, पुढे बोट गेलं की सतारीसारखा आवाज निघायचा. गिटार घरी आणून तीनच दिवस झाले होते.

पुण्याला आत्याकडे मिरजेचा तंबोरा आहे, त्यामुळे हा आवाज मला ओळखीचा होता. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो. तार त्याच्यावरून लांबवर अलगद घासत जाते, म्हणून तो झंकार, म्हणजे जवारी, उठते, आणि तारेखालचा सुती दोरा केसभर पुढेमागे सरकवून आत्या ती नेमकी करते. इलेक्ट्रिक गिटारच्या घोडीचं, म्हणजे ब्रिजचं, काम याच्या बरोबर उलट. तिथं तार एका बारीक धारेवरून सुटायला हवी. सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या छोट्या तुकड्याची, धार झिजून सपाट झाली की गिटारला नको ती जवारी लागते. म्हणून आधी सॅडलवरच संशय घेतला. भिंग लावून सहाही पाहिली. धारा ठीक होत्या.

मग तारा सैल केल्या, ब्रिज पोस्टवरून, म्हणजे तो टेकतो त्या दोन उभ्या स्क्रूंवरून, उचलला, उलटा करून त्याच्या पोटाला स्टीलची पट्टी लावली आणि दिव्यासमोर धरला. मधला भाग पट्टीला टेकला आणि दोन्ही टोकांना उजेड दिसला. फट मोजायच्या फीलर गेजचं ०.६ मिलिमीटरचं पान दोन्ही टोकांच्या फटींतून आरामात गेलं. ब्रिज मध्यभागी खचून खाली बसला होता.

त्या ०.६ मुळे बाराव्या फ्रेटवर मधल्या तारा साधारण ०.३ मिलिमीटरनं खाली येतात. आकडा लहान वाटेल, पण चांगल्या लावलेल्या गिटारवर झणझण आणि स्वच्छ सूर यांच्यात तेवढंच अंतर असतं. आणि ०.३ ची भरपाई म्हणून अख्खा ब्रिज वर चढवला, तर कडेच्या तारा विनाकारण उंच होतात. दुकानात नेमकं तेच करून ठेवलं होतं, म्हणून तिथं वाजवताना मला काही खटकलं नाही. घरी मी माझ्या सवयीची उंची लावली आणि दुखणं उघडं पडलं.

आता गिटारबद्दल.

ग्रेको हा कांदा शोकाई या तोक्योच्या कंपनीचा ब्रँड. माझी ईजी-५०० आहे, गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या लेस पॉल गिटारच्या आकाराची, सनबर्स्ट रंगाची. नावातला ५०० म्हणजे तेव्हाची किंमत, ५०,००० येन. त्या काळातल्या जपानी कंपन्यांची ही पद्धत मला फार आवडते. तोकाईच्या एलएस-६० ची किंमत ६०,०००, एलएस-८० ची ८०,०००. आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही समोरची गिटार तेव्हा कुठल्या पायरीवर होती, हे नावावरूनच कळतं. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या वरच्या टोकाच्या, मागचा क्रमांकही बोलका असतो: पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे सालाचे. माझ्या गिटारवर ई आणि ८०. मे १९८०.

बनवली फुजिगेन या कारखान्यानं, नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो गावात. याच गावात मात्सुमोकूही होती, जी आधी सिंगर शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनवायची आणि मग आरिया, वेस्टोन वगैरे नावांच्या गिटारी बनवायला लागली. १९८७ मध्ये ती बंद पडली. पिकअप, म्हणजे तारेची थरथर पकडणारी चुंबकी वेटोळी, बनवणारी निशिन ओंपा, म्हणजे मॅक्सॉन, तीही मात्सुमोतोचीच. लाकूड, ओतकाम, तारेची वेटोळी, सगळे हात एका गावात. मी भोसरीच्या एमआयडीसीजवळ वाढले. बाबांचं लेथचं वर्कशॉप, शेजारी प्लेटिंगवाला, पलीकडे हीट ट्रीटमेंटवाला. एखाद्या पार्टमध्ये खोट निघाली तर चालत जाऊन विचारता यायचं. म्हणून मात्सुमोतोच्या त्या काळच्या मालात एवढी सफाई का आहे, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

घेतली तोक्योतल्या ओचानोमिझूला. मी निशी-कासाईला राहते. तोझाई लाइननं ओतेमाची, तिथं चियोदा लाइन, उतरायचं शिन-ओचानोमिझूला. मेइदाई-दोरी रस्त्यावर दोन्ही बाजूंना गिटारींची दुकानं, काही तीन-चार मजली. शनिवारी सकाळी अकराला गेलात तर वाजवून पाहायला निवांत मिळतं, दुपारी दोननंतर गर्दी. मी ९८,००० येन मोजले. चिठ्ठीवर ‘देखभाल केलेली’ असं लिहिलं होतं. ब्रिज बसल्याचं कळल्यावर मी पट्टी आणि गेज घेऊन परत गेले. दुकानातल्या माणसानं स्वतःची पट्टी लावून पाहिली, मान्य केलं आणि गिटार परत घेण्याची किंवा ५,००० येन कमी करण्याची तयारी दाखवली. पण ते चिठ्ठी लिहिण्याआधीच पाहायला हवं होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ५,००० घेतले. गिटार परत द्यायचा विचारसुद्धा मनात आला नव्हता.

कारण ती वाजते. वजन ४.१ किलो, पट्टा रुंद लागतो. नेक, म्हणजे दांडी, गोंदानं बसवलेला आणि त्याचा सांधा इतका घट्ट, की नखसुद्धा शिरत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या जपानी नकलांमध्ये नेक चार स्क्रूनं जोडलेला असायचा आणि पोटाचा, म्हणजे पुढच्या भागाचा, उठाव म्हणजे दाबून वाकवलेलं प्लायवूड, खाली पोकळ. बोटानं टकटक केली की कळतं. ही तशी नाही. मागे महोगनी, वर मेपल, भरीव. शिसवीचा फ्रेटबोर्ड तेल पिऊन काळसर झालाय. मोकळी ई तार छेडून हात गिटारच्या पोटावर ठेवला की थरथर छातीपर्यंत येते. गेनशिवाय, ॲम्प अगदी साधा ठेवून नेकजवळचा पिकअप लावला की सूर गोल येतो, जाड होत नाही. टोनचा नॉब पाचवर आणून मंद्रातली एखादी चाल वाजवली की मी तासभर जागची उठत नाही. ब्रिजजवळचा पिकअप मात्र मला थोडा कोरडा वाटला. त्याची उंची एक मिलिमीटर कमी केल्यावर बरा झाला. फ्रेट पहिल्या पाचांवर झिजलेत, कुणीतरी हिच्यावर वर्षानुवर्षं ओपन कॉर्ड वाजवलेत.

तर ब्रिज. या प्रकाराला ट्यून-ओ-मॅटिक म्हणतात. गिब्सनचे तेव्हाचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्या काळात, १९५४ मध्ये, तो बाजारात आला. एबीआर-१ हे त्याचं नाव. सहा तारांना सहा वेगळी सॅडल, प्रत्येक सॅडल स्क्रूनं पुढेमागे होतं, म्हणजे प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे जुळवता येते. बाराव्या फ्रेटवर दाबून काढलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, एकसारखे यायला हवेत. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे, उतरा लागला तर पुढे. कल्पना एवढी सरळ की सत्तर वर्षांत मुळातून बदललेली नाही. पण अंग बारीक आणि जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, दोन टोकांना दोन पोस्टांवर टेकलेलं. .०१० ते .०४६ इंच जाडीच्या तारांच्या संचात सहा तारांचा मिळून ताण ४४ किलोच्या आसपास असतो. त्यातला काही भाग रात्रंदिवस ब्रिजला खाली दाबत असतो. टेलपीस, म्हणजे ब्रिजमागे तारा अडकवायचा दांडा, अगदी लाकडाला टेकवून कसला की तारेचा कोन तीव्र होतो आणि दाब वाढतो. तो तसाच वर्षानुवर्षं राहिला की मधला भाग खचतो. खुद्द गिब्सनचे जुने एबीआर-१ ही असेच खचतात, तेव्हा याचा दोष जपानी कारागिरीवर घालू नये.

इथं माझी चूक झाली. एवढी देखणी गिटार, तर तिला ‘अस्सल’ ब्रिज घालावा असं मनात आलं, आणि मी अमेरिकन मापाचा एबीआर-१ मागवला. खास जुन्या पद्धतीचा, महागडा. आला, पोस्टवर ठेवला, बसेना. दोन पोस्टांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत ७४ मिलिमीटर, ते जुळत होतं. पण भोकं अरुंद. रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते चहा पीत होते, चष्मा लावून स्क्रीनजवळ आले.

“पोस्ट मोजलास का?”

“व्हर्नियरवर ३.९ भरतोय.”

“मग तो चारचाच. आट्यांवरून मोजलं की थोडं कमीच भरतं. आणि भोक?”

“३.६.”

“अगं, तो इंची माल आहे. सहा-बत्तीस. जपानी माणूस इंची पेच कशाला घालेल?”

अमेरिकन एबीआर-१ च्या पोस्टला ६-३२ चे आटे: व्यास ३.५ मिलिमीटर, इंचाला ३२ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७९. माझ्या ग्रेकोचा पोस्ट एम४: व्यास ४, पिच ०.७. मी विचारलं, भोकं चारच्या ड्रिलनं मोठी करू का? बाबांनी चहा खाली ठेवला. “जस्ताचं ओतकाम आहे, हातानं ड्रिल मारलंस तर भोक वाकडं जाईल. नाहीतर कडेनं तडा.” मग पोस्टच बदलू का? तेही नको म्हणाले. पोस्ट थेट लाकडात फिरवलेले आहेत, चाराच्या भोकात साडेतीनचा पोस्ट डुगडुगणार. “लाकडातले आटे एकदा गेले की गेले. ज्यानं ती बनवली त्याच्याच मापाचं घाल ना.”

हे वाक्य मी नंतर बरेच दिवस घोळवलं. या गिटारींना सगळे नक्कल म्हणतात, मीही म्हणते, आणि आकाराबाबत ते खरंच आहे. पण पोटात शिरलेला प्रत्येक पेच मेट्रिक आहे. मात्सुमोतोतल्या ज्या माणसानं हा नमुना समोर ठेवून जिग, म्हणजे कामाचा साचा, बनवली, त्यानं बाहेरची रेघ जशीच्या तशी घेतली आणि आत आटे पाडायला स्वतःच्या कारखान्यातले टॅप-डाय वापरले. इथून पुढे या गिटारला काहीही घ्यायचं, तर ते त्या मापातलं घ्यायचं, हे मी ठरवलं.

गोतोह या जपानी कंपनीचा एम४ पोस्टचा ब्रिज सुमारे ४,००० येनला मिळाला. मेइदाई-दोरीवरच, पार्ट्सच्या दुकानात, काउंटरवर पोस्ट दाखवल्यावर एका मिनिटात. तो पोस्टवर असा उतरला की जणू तिथंच होता. डुगडुग नाही, अडक नाही. सॅडलना खाचा नसतात, त्या आपल्या तारांप्रमाणे पाडाव्या लागतात. मी बारीक कानशीनं पाडल्या, खाच नेकच्या बाजूला उंच आणि टेलपीसकडे उतरती, म्हणजे तार पुढच्या धारेवरूनच सुटते. जाड तारांना खाच तारेच्या निम्म्या व्यासाएवढी, बारीक तारांना त्याहून कमी. हे काम घाईत करू नका. खोल गेलेली खाच परत भरत नाही.

इंटोनेशन लावताना, म्हणजे सॅडल पुढेमागे करून तारांची लांबी जुळवताना, जी तारेनं थोडा त्रास दिला. एबीआर-१ चा आराखडा आला तेव्हा तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली असायची. आजच्या संचात ती साधी, बिनगुंडाळीची असते आणि तिला सॅडल बरंच मागे लागतं. या बारीक ब्रिजमध्ये जागा कमी. सॅडल काढून उलटं बसवलं, तिरकी बाजू दुसरीकडे, की आणखी थोडी जागा मिळते. तेच केलं आणि सूर जुळला. गिब्सननं स्वतः सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नॅशव्हिल नावाचा रुंद ब्रिज आणला, तो या जागेच्याच अडचणीसाठी. पण नॅशव्हिलचे पोस्ट जाड, लाकडात धातूच्या बुशमध्ये (नळीत) बसणारे, म्हणजे तो घालायचा तर पोट कोरायचं. १९८० च्या गिटारचं पोट माझ्यानं कोरवणार नाही.

टेलपीस बदलला नाही. पन्नासच्या दशकातले मूळ टेलपीस ॲल्युमिनियमचे, जस्ताच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे असत आणि हलक्या टेलपीसनं सूर मोकळा होतो असं बरेच जण सांगतात. मला माझा जस्ताचा ठीक वाटतो. फक्त दोन-तीन आटे वर उचलला, ब्रिजच्या मागच्या कडेला तारा टेकत होत्या त्या सुटल्या आणि दाबही कमी झाला. बदलणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगते: टेलपीस धरणाऱ्या जाड स्क्रूंचे, म्हणजे स्टडचे, आटे एम८, पिच १.२५. अमेरिकन स्टड ५/१६ इंच, इंचाला २४ आटे. व्यास जवळजवळ सारखा, ७.९४ आणि ८, त्यामुळे दुसऱ्या जातीचा स्टड पहिले एक-दोन फेरे बिनतक्रार फिरतो आणि मग अडतो. तिथं पाना लावून जोर केला की आतलं बुश लाकडातून उपटून येतं. एका ओळखीच्याच्या तोकाईचं असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. सनबर्स्टचा तुकडा बुशबरोबर वर आला होता. बोटांनी जेवढा फिरेल तेवढाच फिरवा.

फेंडर या अमेरिकन कंपनीच्या स्ट्रॅटच्या आकाराच्या जपानी गिटारी पाहणाऱ्यांसाठीही थोडं. तिथं सहा स्क्रूंचा ट्रेमोलो, म्हणजे दांडीनं हलवता येणारा, ब्रिज असतो आणि घोळ रुंदीचा होतो. अमेरिकन जुन्या ब्रिजवर पहिल्यापासून सहाव्या तारेपर्यंत साधारण ५६ मिलिमीटर. जपानी ब्रिजमध्ये दोन तारांतलं अंतर १०.८ किंवा १०.५, म्हणजे एकूण ५४ किंवा ५२.५. ऑर्डर देण्याआधी तारा आणि स्क्रू दोन्ही मोजा. खालचा ठोकळाही पाहा. स्वस्त मॉडेलांत तो जस्ताचा आणि बारीक असतो, स्टीलचा घातला तर आवाजातला फरक मला स्पष्ट ऐकू येतो. १९८२ मध्ये फेंडरनं कांदा शोकाई आणि यामानो गाक्की यांच्याबरोबर फेंडर जपान काढलं आणि गिटारी बनवायचं काम दिलं फुजिगेनलाच. नक्कल करणारा हात इतका चांगला निघाला की मूळ मालकानं तो कामाला घेतला.

दुकानांत आणि जाहिरातींत या सगळ्या मालाला ‘लॉसूट गिटार’, म्हणजे कोर्टात दावा झालेली गिटार, असा शिक्का मारून दहा-वीस हजार येन वर चढवतात. त्याला भुलू नका. गिब्सनच्या मालक कंपनीनं, नॉर्लिननं, १९७७ मध्ये फिलाडेल्फियात जो दावा लावला तो एल्जर कंपनीवर, म्हणजे होशिनोच्या आयबानेझ गिटारी अमेरिकेत विकणाऱ्यांवर होता, आणि वाद हेडस्टॉकच्या आकाराचा होता. आयबानेझनं तो आकार त्याआधीच बदलायला घेतला होता आणि प्रकरण तडजोडीनं मिटलं. माझी ग्रेको त्या दाव्यानंतर तीन वर्षांनी जन्मली. तोकाईनं तिच्या लेस पॉल आकाराच्या गिटारी सुरू केल्या त्या १९७८ मध्ये. यांपैकी कुणावरही तो दावा नव्हता. पैसे लाकडाला, सांध्याला आणि सरळ नेकला द्या.

लाख येनच्या आत, आठवडाभराच्या मेहनतीची तयारी असेल तर ही गिटार डोळे झाकून नव्हे, मोजून घ्या. आल्या आल्या वाजवायचीच असेल आणि कानस हातात धरायची नसेल, तर तेवढ्याच पैशात नवीन जपानी गिटार बरी पडेल. जाताना खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असू द्या. तारांखालून ब्रिजच्या पाठीवर ती आडवी धरता येत नाही, म्हणून दुकानदाराला ब्रिज उतरवायला सांगा. नम्रपणे सांगितलं तर इथं कुणी नाही म्हणत नाही. बाजूनं डोळा लावून पोस्ट सरळ उभे आहेत का तेही बघा, दाबानं ते नेककडे झुकतात. माझे सरळ आहेत.

आता राहिलंय फ्रेटचं काम. सध्या त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा, सुरू आहे, खिडकीच्या काचा आतून ओल्या असतात आणि नेक रोज थोडा हलतो. त्सुयु जुलैच्या मध्यापर्यंत संपेल, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) लावून पहिले पाच फ्रेट घासून घेईन. जुना ब्रिज रुमालात गुंडाळून केसच्या कप्प्यात ठेवलाय. बाबा म्हणालेत, दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, ओतकाम आतून कसं आहे ते बघायचंय.